मुजावरांचा एकमेव शोधनिबंध

पडताळा यंत्रणेने डॉ. वत्सला इंगवले यांच्या सत्त्याऐंशी शोधनिबंधांपैकी शहाऐंशी हिरवे ठरवले आणि एक लाल. निकाल मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी लागला. सव्वाअकराला मिरजेच्या कृष्णाकाठ कर्करोग संशोधन संस्थेत तो कँटीनवाल्यासकट सगळ्यांना ठाऊक होता. वत्सलाबाईंच्या चहाबरोबर त्याने न सांगता कांदाभजी पाठवली. संस्थेत न मागवता भजी दोनदाच येत: कुणाला बढती मिळाली की, आणि कुणाची चौकशी लागली की.

पडताळा म्हणजे चाकणजवळच्या माळावरची एक प्रयोगशाळा. तिथे यांत्रिक हात चारशे आणि माणसं जेमतेम वीस. काम एकच. छापून आलेला शोधनिबंध वाचायचा, त्यातला प्रयोग लिहिल्याबरहुकूम तीनदा करायचा. उत्तर तेच आलं तर निबंध हिरवा, कधी आलं कधी नाही तर पिवळा, आलंच नाही तर लाल. लेखक कोण, त्याचा हुद्दा काय, त्याला पारितोषिकं किती, यातलं काहीही यंत्राला दाखवत नाहीत. २०३६ साली हा पडताळा सक्तीचा झाला आणि तीन वर्षांत वैद्यकीय संशोधनाची हवाच पालटली. ‘३१२ शोधनिबंध’ अशी पितळी पाटी दारावर मिरवणाऱ्या एका प्राध्यापकांनी एका रविवारी स्वतः स्क्रू काढून ती उतरवली. लोक कमी लिहू लागले, जपून लिहू लागले. वधुवर मंडळाच्या यादीत ‘मुलगा डॉक्टरेट, अकरापैकी दहा हिरवे’ असा मजकूर दिसू लागला.

हा पडताळा सक्तीचा करावा म्हणून समितीत सगळ्यांत चढ्या आवाजात बोलल्या होत्या त्या वत्सलाबाईच. त्यामुळे आता ओरडायलाही जागा नव्हती.

लाल झालेला निबंध २०२६ सालचा होता. विषय: कृष्णा-१७.

कृष्णा-१७ हे एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. शरीरात परकं काही शिरलं की त्याला नेमकं ओळखून चिकटणारे रेणू शरीर स्वतःच घडवतं. प्रयोगशाळेत ते हवे तसे घडवताही येतात. वत्सलाबाईंनी घडवलेलं कृष्णा-१७ स्वादुपिंडाच्या कर्कपेशींवरचा एक विशिष्ट साखरेचा तुरा ओळखत असे. निरोगी पेशींवर तो तुरा नसतो. प्रतिपिंडाच्या पाठीवर औषध बसवलं की ते फक्त रोगट पेशींपाशी उतरणार, बाकीचं शरीर सुखरूप राहणार. २०२६च्या निबंधाने एवढंच सिद्ध केलं होतं: हे प्रतिपिंड रोगट पेशींना चिकटतं, निरोगी पेशींना नाही. त्या पायावर पुढचे सगळे मजले उभे राहिले. आता सात रुग्णालयांत औषधाची शेवटची चाचणी चालू होती आणि एकेचाळीस रुग्णांना पुढचा डोस सोमवारी द्यायचा होता.

पडताळ्याच्या प्रयोगात मात्र कृष्णा-१७ रोगट आणि निरोगी, दोन्ही पेशींना सारखंच चिकटलं. तिन्ही वेळा. नियमाप्रमाणे मूळ निबंध लाल, तर त्यावर उभी असलेली चाचणी स्थगित.

त्या निबंधाचे लेखक दोन. वत्सला इंगवले आणि मैनुद्दीन मुजावर.

मुजावर हे त्यांचे तंत्रज्ञ. प्रयोगशाळेत हाताने काम करणाऱ्याचं नाव निबंधाच्या शेवटी आभारात घालायची रीत होती, तीही संपादकाला जागा उरली तर. वत्सलाबाईंनी त्या एका निबंधासाठी भांडून त्यांना लेखक केलं होतं, कारण सगळे प्रयोग त्यांच्याच हातचे होते. पुढे संस्थेने नियम काढून ती वाट बंद केली. मुजावर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर निबंध होता एक.

बुधवारी संचालक डॉ. हेरवाडकरांनी बोलावलं. त्यांनी फॉर्म आधीच छापून ठेवला होता.

“बसा वत्सलाबाई. मी रात्रभर नियम वाचलेत. मार्ग आहे.”

“रात्रभर? नियम चार पानांचे आहेत.”

“मला चष्मा बदलायचाय,” हेरवाडकर म्हणाले. “ऐका. स्वेच्छा माघार. मूळ निबंध लेखकांनी मागे घेतला की फांद्या स्वतंत्र मोजतात. नंतर दिल्लीत आणि कोचीत कृष्णा-१७वर झालेलं काम हिरवं आहे. चाचणी त्याच्यावर उभी राहते. सोमवारचा डोस सोमवारी. शिवाय तुमच्या यादीत उरले शहाऐंशी, शहाऐंशीच्या शहाऐंशी हिरवे. देशात पहिली पूर्ण हिरवी यादी! मी सभागृह बघून ठेवलंय.”

“कारण काय लिहायचं?”

“कारणाचे तीन पर्याय आहेत. उपकरणातला दोष, तर उपकरण दाखवा म्हणतील, ते भंगारात गेलं. हेतुतः फेरफार, तर प्रश्नच नाही.” त्यांनी तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. “साहाय्यकाची चूक.”

“मैनूभाईंची?”

“ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. त्यांना ना बढती घ्यायची, ना अनुदान. कुणाचं काय बिघडतंय? मुदत शनिवारी पाचपर्यंत. नंतर रीतसर चौकशी, सहा महिने. तेवढा वेळ ते एकेचाळीस लोक थांबतील का, हे तुम्ही मला सांगू नका, मला माहीत आहे.”

वत्सलाबाईंनाही माहीत होतं. त्यांनी फॉर्म घेतला, खोलीत जाऊन सगळे रकाने भरले आणि सहीपाशी थांबल्या. चूक माणसाकडून होते. मैनूभाईंकडूनही झाली असेल. पण ती कुठे झाली हे दाखवता येत नसताना ती झाली असं लिहिणं म्हणजे न केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष लिहिणं. आणि लिहायचंच असेल, तर आधी त्या माणसाच्या तोंडावर सांगून लिहायचं. त्यांनी रिक्षा बोलावली.

मुजावरांचं घर गावाबाहेर, दारात म्हैस बांधलेली. मैनूभाई एकोणसत्तर वर्षांचे, पण दाढी सोडली तर तसेच: सरळ, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. आतल्या भिंतीवर घड्याळाखाली एक चौकोन बाकीच्या रंगापेक्षा उजळ दिसत होता.

“निबंधाची फ्रेम काढली?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“कालच काढली,” मैनूभाई म्हणाले. “फोनवर कुणालाबी दिसतंय की, मॅडम. नातीनंच दाखवलं. म्हणाली, नानाजान, तुमचा लाल झाला.”

वत्सलाबाईंनी फॉर्म टीपॉयवर ठेवला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मैनूभाईंनी ‘साहाय्यकाची चूक’ हे शब्द दोनदा वाचले.

“तुमाला वाटतंय, मी चुकलो?”

“मला काहीच वाटत नाही. मला शोधायचंय.”

“एकेचाळीस माणसं हायेत म्हणताय. मग करा सही. माझं काय, एकच तर निबंध. गेला तर गेला.” ते खिडकीकडे बघत राहिले. “पण चुकलो न्हाई मी.”

“मग दाखवा. सगळ्या पायऱ्या. पहिल्यापासून.”

म्हातारा उठला. दिवाणासमोर उभं राहून, हातात काहीही नसताना, त्याने तेरा वर्षांपूर्वीचा प्रयोग केला. पेशी फोडल्या, प्रथिनं पाझरवली, कागदावर उतरवली. वत्सलाबाई निबंध उघडून प्रत्येक ओळीवर खूण करत होत्या. वेळ, तापमान, किती थेंब. एकही आकडा चुकला नाही.

“मग कागद बुजवायचा,” मैनूभाई म्हणाले, आणि थोडे अडखळले. “एक तास. मग धुवायचा.”

बुजवणं ही पायरी साधी. प्रथिनं ज्या कागदावर उतरवतात तो सगळीकडून चिकट असतो. त्यावर थेट प्रतिपिंड ओतलं तर ते वाटेल तिथे चिकटेल; आणि चिकटेल तिथे काळी पट्टी उमटते, म्हणून कागदभर काळं होईल. म्हणून रिकाम्या जागा आधी कुठल्यातरी निरुपद्रवी प्रथिनाने बुजवून घ्यायच्या. जगभर त्यासाठी गेली कित्येक दशकं एकच स्वस्त वस्तू वापरतात: दूध. निबंधातही तेच होतं. मलईरहित दूध, पाच टक्के.

“अडखळलात का?”

“कुठं अडखळलो?”

“मैनूभाई, तेवीस वर्षं तुम्हाला बघतेय.”

चहा घेऊन आलेल्या हमीदाबी दारातच थांबल्या होत्या. मैनूभाईंची बायको, गोरी, ठेंगणी, बोलायला लागली की ट्रे हातात आहे हे विसरणारी.

“ते काय सांगतील,” त्या म्हणाल्या. “भितात. दूध आमचं जायचं की.”

“हमीदा!”

“आता काय कामावरनं काढतील? सात वर्षं रोज किटली भरून दिलीय मी. पावडरीचं टेंडर अकरा महिने अडकलं हुतं, तवाधरनं.”

वत्सलाबाईंना ती स्टीलची किटली आठवली. “ती चहाची होती ना?”

“तुमी तसंच समजला, ते बरं झालं,” मैनूभाई म्हणाले. “लॅबच्या फ्रीजमध्ये घरचा खाऊ ठेवायचा न्हाई, अशी तुमचीच सही असलेली नोटीस हुती दारावर. किटली दिसली असती तर मेमोच. पावडर आली तरी मग आमी आपलं दूधच लावलं. काम चांगलं यायचं. पाच टक्क्याला बराबर निम्मं पाणी घालायचो, मोजून.”

वत्सलाबाईंनी कप खाली ठेवला. त्या सात वर्षांत त्यांनी नऊ प्रतिपिंडांवर काम केलं होतं. बाकीच्या आठांना दूध कुठलंही चाललं असणार. ते निबंध हिरवेच होते.

“हमीदाबी, दूध तुम्ही कसं द्यायचात? धार काढली की लगेच?”

“या बया! कच्चं कसं दीन? तापवून.”

“तापवून.”

“मग? माझ्या माहेरी कोल्हापुरात दूधकट्ट्यावर उभं राहून कच्चं पितात ते पैलवान. आमी न्हाई. दूध तापवायचं, गार करायचं, साय काढायची. पुन्यांदा तापवायचं, पुन्यांदा साय. तीनदा. म्हशीचंच, बरं का. गाईच्या दुधाला कुठली साय धरतीय?”

वत्सलाबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी निबंधाचं पान उलटं केलं आणि मागे एक गोळा काढला.

“हा दुधातला स्निग्धाचा कण. याच्याभोवती पातळ पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्यावर साखरेचे तुरे. त्यातला एखादा आपल्या कर्कपेशीवरच्या तुऱ्यासारखा असला तर? कारखान्यात दूध गरागरा फिरवून स्निग्ध काढतात, पण पापुद्र्याचे तुकडे खाली दुधात उरतात. त्या दुधाने कागद बुजवला की कागदभर तुरे. कृष्णा-१७ जाऊन दुधालाच चिकटणार. निरोगी पेशींची पट्टीसुद्धा काळी.”

“आणि आमचं दूध?” मैनूभाईंनी विचारलं.

“तापवल्यावर ते तुकडे इतर प्रथिनांना धरून सायीत वर येत असतील. तीनदा काढली की दूध साफ. मी हे सगळं अंदाजाने बोलतेय हं. पण यंत्राने काय केलं असेल? पावडरीचं पाकीट फोडलं.”

“तापवलं न्हाई?” हमीदाबींनी विचारलं.

“निबंधात लिहिलेलं नव्हतं.”

“आता दूध तापवायचं असतं हे कोण लिहितंय!”

चाकणच्या यंत्रणेत पुनर्पडताळ्याचं काम डॉ. रेवती चौगुले बघत असे. ती एकेकाळी वत्सलाबाईंचीच विद्यार्थिनी. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, तुम्ही म्हणून सवलत मिळणार नाही.”

“मागितली का मी?”

“नाही. म्हणून सांगून ठेवलं. पद्धतीत वगळलेली पायरी लेखक भरू शकतात, एकदाच. यंत्र ती करून बघेल. पण मला आकडे लागतील. किती अंश, किती मिनिटं. कोण सांगणार?”

“जिला येतं ती.”

गुरुवारी तिघं चाकणला पोहोचली. शुक्रवारी सकाळी आठ वाजता हमीदाबी काचेच्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसल्या. काचेपलीकडे एक यांत्रिक हात, शेगडी आणि स्थानिक म्हशीचं चार लिटर दूध.

“काकू,” रेवती म्हणाली, “किती वेळ तापवायचं?”

“वर येस्तोवर.”

“वर म्हणजे किती?”

“काठाला दोन बोटं कमी असताना बंद.”

“कुणाची बोटं?”

“माझी. आनि कुणाची?”

रेवतीने त्यांची दोन बोटं मोजपट्टीवर ठेवली आणि लिहिलं: एकतीस मिलिमीटर. यंत्राने काम सुरू केलं. दूध बराच वेळ गप्प राहिलं आणि मग एकदम चढलं. काठापासून बरोबर एकतीस मिलिमीटरवर यंत्राने शेगडी बंद केली. पण तापलेलं दूध काही मिलिमीटरवर थांबत नाही.

“आरं, गेलं! गेलं! बघत काय बसलाय, फुंकर मार!” हमीदाबी काचेवर हात आपटत ओरडल्या. दूध शेगडीवरून ओघळून पांढऱ्याशुभ्र फरशीवर आलं. वीसच्या वीस माणसं धावत आली. पडताळ्याच्या इतिहासात यंत्राच्या हातून काही सांडण्याची ती पहिली वेळ होती, असं नंतर रेवतीने नोंदवहीत लिहिलं.

“त्याला तोंड नाही, काकू.”

“मग आच आधीच बारीक कराय सांगा. खालनं बुडबुडं सुटलं की बारीक. आनि पळी फिरवत ऱ्हायचं.”

“आमचा एक मदतनीस असाच हुता,” मैनूभाई वत्सलाबाईंच्या कानाशी म्हणाले. “फार हुशार. उजेडात चहा उतू घालवायचा आनि अंधारात पट्टीच्या फोटोची फिल्म करपवायचा.”

दुसऱ्या खेपेला जमलं. तापवणं, निववणं, साय काढणं. तीन आवर्तनं व्हायला संध्याकाळ झाली. रेवतीने स्वतःहून एक गोष्ट जास्तीची केली. काढलेली साय तिने वेगळ्या बशीत ठेवायला लावली आणि तिच्यावरही कृष्णा-१७ टाकून बघायची आज्ञा दिली.

शनिवारी दुपारी दोनपर्यंत हेरवाडकरांचे पाच फोन येऊन गेले. फॉर्म वत्सलाबाईंच्या पर्समध्ये होता, सही सोडून पूर्ण भरलेला. त्यांनी स्वतःशी एक ठरवलं होतं. साडेचारपर्यंत हिरवं आलं नाही, तर सही करायची. एकेचाळीस माणसांना आपल्या स्वाभिमानासाठी थांबवायचं नाही. मात्र ‘साहाय्यकाची चूक’ खोडून ‘प्रमुख लेखिकेची चूक’ लिहायचं. असा पर्याय फॉर्ममध्ये नव्हता. यंत्रणेला तो फॉर्मच लाल ठरवायचा असेल तर ठरवू दे. एवढं ठरल्यावर त्यांना चार दिवसांत प्रथमच भूक लागली आणि त्यांनी तीन मिसळी मागवल्या.

तीन चाळीसला रेवती आली. तिने टेबलावर तीन कागद मांडले. पहिला पावडरीच्या दुधाचा: दोन्ही पट्ट्या काळ्या. दुसरा तीनदा साय काढलेल्या दुधाचा: रोगट पेशींची पट्टी काळी, निरोगी पेशींची स्वच्छ. तिन्ही वेळा तेच. तिसऱ्या कागदावर पट्टी नव्हतीच, नुसता काळाकुट्ट डाग होता.

“हे काय?” हमीदाबींनी विचारलं.

“ही तुमची साय, काकू. कृष्णा-१७ सगळं तिलाच जाऊन चिकटलं.”

मैनूभाईंनी दुसरा कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. मग खिशातलं एक पेन काढून उगाचच परत खिशात ठेवलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “पट्टी सरळ आलीय. माझी आली असती तशीच.”

वत्सलाबाईंनी भरलेला फॉर्म पर्समधून काढला, चार तुकडे केले, आणि कचऱ्याची टोपली न सापडल्यामुळे मिसळीच्या रिकाम्या वाटीत टाकले. मग हेरवाडकरांना फोन लावून सांगितलं की सभागृह रद्द करा, डोस सोमवारीच आहे.

एक काम उरलं होतं. निबंध हिरवा होण्यासाठी वगळलेली पायरी दुरुस्ती म्हणून छापावी लागते, आणि दुरुस्ती हाही नियमाने एक स्वतंत्र शोधनिबंध. पायरी ज्याची, पहिलं नाव त्याचं. रेवतीने पडद्यावर रकाने उघडले. घड्याळात चार अठरा झाले होते.

“पहिली लेखिका, हमीदा मैनुद्दीन मुजावर,” वत्सलाबाईंनी टंकलं. “दुसरे मैनुद्दीन मुजावर. तिसरी मी.”

“हे बरं हाय,” मैनूभाई म्हणाले. “मी तीस वर्षं उभा ऱ्हाऊन दुसरं नाव. ही एक दिवस खुर्चीत बसून पहिलं.”

“किटली कुणी भरली?”

“उचलली कुणी?”

“भांडणं छापता येत नाहीत,” रेवती म्हणाली. “काकू, संस्थेचं नाव?”

“कसली संस्था? घर लिहा. मिरज.”

तसं लिहिलं. शेवटचा रकाना उरला: या संशोधनातून लेखकांपैकी कुणाला प्रत्यक्ष लाभ झाला असल्यास नमूद करावा. औषध कंपन्यांकडून काही घेतलेलं असलं तर ते इथे कबूल करायचं असतं. वत्सलाबाईंनी आयुष्यात सत्त्याऐंशी वेळा तिथे ‘नाही’ लिहिलं होतं. बोटांनी सवयीने तेच टंकलं.

“काय इचारतंय ते?” हमीदाबींनी विचारलं. रेवतीने समजावून सांगितलं.

“मग न्हाई कसं? झालाय की.”

“हमीदा, गप बस,” मैनूभाई म्हणाले.

“का गप बसू? खरं लिहायचं म्हणून तर येवढ्या लांब आलो. सात वर्षं तीन-तीनदा साय काढत हुते, ती कशापायी, कुनी इचारलं का मला? तुमच्या कागदापायी न्हवं. निम्मं पाणीच घालणार हुता तुमी, मग साय कशाला वाया घालवू? तूप केलं मी. लेकीची दोन बाळंतपणं, ईद, सगळं त्याच तुपावर झालंय.”

मग वत्सलाबाईंनी ‘नाही’ पुसलं आणि त्या जागी, अर्धविरामसुद्धा न चुकवता, टंकलं: ‘होय; पहिल्या लेखिकेस सात वर्षे, दर आठवड्यास अंदाजे पाव किलो साजूक तूप.’

हमीदाबींनी पडद्यापाशी वाकून प्रत्येक अक्षर वाचलं.

“पाव न्हाई,” त्या म्हणाल्या. “दीड पाव.”

वत्सलाबाईंनी आकडा दुरुस्त केला आणि निबंध पाठवून दिला.